सणाचे पान आणि आलूचे भरीत



या वसंत व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा चिटणीसांनी आमच्याकडे विषय मागितला. तीस वर्षे कामगार चळवळीत घालवलेला माणूस. तेव्हा किमान वेतन, कंत्राटी पद्धत किंवा फार तर चळवळीचे भवितव्य असे काहीतरी येईल, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही लिहून पाठवले, ‘सणाचे पान आणि आलूचे भरीत’. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला की अक्षर नीट लागले नाही, पुन्हा कळवावे. आम्ही पुन्हा तेच कळवले, या खेपेस मोठ्या अक्षरात.

काही मित्रांनी आमची कानउघाडणीही केली. ते म्हणाले, “ज्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव बाहेरच्या वर्तमानपत्रांत शेतकऱ्यांच्या मरणापायी येते, तेथे तुम्ही भरताच्या गोष्टी सांगणार?” त्यांचा आक्षेप आम्ही मनावर घेतला आणि त्यावर विचार केला. विचाराअंती आम्हांस वाटले की, माणूस कशासाठी झिजतो, कशासाठी मोर्चा काढतो, याचे उत्तर शेवटी एका ताटाशी येऊन थांबते. रोजचे ताट पोटासाठी असते. सणाचे ताट माणूस म्हणून जगण्यासाठी असते. ते सजते कसे आणि त्याच्यासाठी राबते कोण, हा प्रश्न आमच्या मते चळवळीचाच आहे. म्हणून आज प्रथम भरताविषयी बोलू आणि मग त्या प्रश्नाकडे वळू.

प्रथम नावाचा निवाडा करू. पुण्या-मुंबईकडे बटाटा म्हणतात, आम्ही वऱ्हाडात आलू म्हणतो. तिकडचा बटाटावडा आमच्याकडे आलूबोंडा होतो. यात कोणी अशुद्ध नाही. ‘आलु’ हा कंदाला असलेला जुना संस्कृत शब्द, आणि ‘बटाटा’ हा पोर्तुगीजांनी आणलेला. गंमत अशी की, ‘बटाटा’ हे नाव मुळात वेस्ट इंडीजकडील लोकांनी रताळ्याला दिलेले होते. रताळ्याचे नाव दुसऱ्याच कंदाला चिकटले, आणि तो दुसरा कंद इतका बलवान निघाला की रताळे मागे पडून केवळ उपासापुरते उरले.

आलूचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात, आजच्या पेरू आणि बोलिव्हिया या देशांत. तेथील डोंगरी शेतकऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी तो माणसाळवला. रात्रीच्या कडाक्याच्या थंडीत आलू गोठू द्यायचे, दिवसा पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढायचे आणि वाळवून ठेवायचे, अशी त्यांची रीत. तेव्हा आलू चेचण्याची कला फार जुनी आहे, आणि ती राजवाड्यात जन्मली नसून रानातल्या माणसांच्या पायाखाली जन्मली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वांगे मात्र आपल्या भूमीचे. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्यात वांग्याचे भरीत आणि रोडगे असतात. चातुर्मासात वांगे, कांदा, लसूण वर्ज्य करणारी घरे त्या दिवशी ते पुन्हा सुरू करतात. जळगावच्या भरताच्या वांग्याला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्याकडे गोवरीच्या विस्तवावर भाजलेले गव्हाचे रोडगे, वरण आणि वांगे असा बेत मांडला की शेजारच्या गावचे पाहुणेही न बोलावता येतात. ‘भरीत’ ही कल्पना म्हणजे भाजावे, सोलावे, चेचावे आणि फोडणी द्यावी. ही कल्पना आपलीच होती. आलू बाहेरून आला आणि आपल्या भरतात बसला. परका पाहुणा आपल्या रीतीने जेवायला बसला की तो परका राहत नाही.

सणाच्या पानावर भरताची जागा कोठली, हे भगिनींना ठाऊक आहेच. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर यांच्या रांगेत, डाव्या बाजूला. त्याला मानाची जागा नाही. मान पुरणाचा, श्रीखंडाचा. पण आम्ही एक गोष्ट पाहिली आहे. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ अशी आपल्याकडे म्हण आहे. भरीत हा एकच पदार्थ असा की त्याला दातही लागत नाहीत आणि चणेही लागत नाहीत. बोळक्या तोंडाची आजी आणि दात न आलेला नातू एकाच वाडग्यातून एकाच वेळी खाऊ शकतात. कुटुंबाचे जेवण म्हणायचे तर दोन्ही टोकांची माणसे ज्यात सामील होतात, ते जेवण. त्या दृष्टीने डाव्या बाजूच्या या पदार्थाला आम्ही पंगतीचा खरा यजमान मानतो.

आता करण्याच्या रीतीकडे वळू. प्रथम आमची फजिती सांगतो, म्हणजे पुढचे नीट कळेल. आयुष्यात पहिल्यांदा भरीत करायला गेलो तेव्हा आम्ही उकडलेले आलू सरळ मिक्सरमध्ये घातले. यंत्रावर आमचा विश्वास. कारखान्यांत आयुष्य गेलेले. दोन मिनिटांत असा डिंक तयार झाला की त्याने भिंतीवर पोस्टर चिकटवता आले असते. नंतर वाचून कारण कळले. आलूतील पिठूळ भाग, ज्याला स्टार्च म्हणतात, तो बारीक बारीक पेशींत कोंडलेला असतो. हाताने हलके चेचले तर पेशी एकमेकींपासून सुटतात आणि भरीत मऊ, भुसभुशीत होते. वेगाने फिरणारे पाते त्या पेशीच फाडते, स्टार्च बाहेर सांडतो आणि चिकट लगदा होतो. तेव्हा वाटीचे बूड, पळी किंवा स्वच्छ धुतलेला हात, एवढीच अवजारे पुरेत. रवीने घुसळू नये.

आलू निवडताना जुना, कोरडा, पिठूळ पाहावा. पातळ सालीचा नवा आलू रश्शाला चांगला, भरताला ओलसर. हिरवट डाग पडलेला किंवा कोंब फुटलेला आलू घेऊच नये. त्यात विषारी अंश वाढलेला असतो. सालीसकट, थंड पाण्यातच टाकून, मीठ घालून उकडावा. उकळत्या पाण्यात टाकला तर बाहेरून फुटतो आणि आत कच्चा राहतो. उकडल्यावर पाणी निथळून टाकून दोन मिनिटे वाफ जाऊ द्यावी. सोलावा आणि गरम असतानाच चेचावा. थंड झाला की गुठळ्या राहतात. तूप, लोणी किंवा तेल आधी घालावे, दूध घालायचे तर ते मागाहून आणि गरम. दही घालायचे असेल तर मात्र भरीत निवेपर्यंत थांबावे, नाही तर दही फुटते. एवढे सांभाळले की पाया झाला. त्यावर इमारत कोणती चढवायची, ते ज्याच्या त्याच्या घरावर अवलंबून.

ती इमारत किती परींची असते, हे आम्हांस एका संपात कळले. गावाचे आणि कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आपल्या जिल्ह्यात जिनिंग-प्रेसिंगचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, हे आपण जाणता. सरकी निघते, गाठी बांधल्या जातात आणि नेमक्या सणाच्या दिवसांत कामगाराला श्वास घ्यायला सवड नसते. २००४ सालच्या दिवाळीत अशाच एका ठिकाणी मागच्या हंगामाचा बोनस अडला होता. १९६५ च्या बोनस कायद्याप्रमाणे किमान ८.३३ टक्के द्यावयाचा, तोही मिळेना. काम बंद झाले. फाटकासमोर मांडव पडला आणि लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडला, तेव्हा अडतीस कुटुंबांच्या घरी चूल पेटवायला फारसे काही नव्हते.

बाजारातल्या एका भाजीवाल्याने पन्नास किलो आलूचे पोते आणून टाकले. पैसे विचारले तर म्हणाला, “कामगार उपाशी असला तर माझी भाजी घेते कोण?” पन्नास किलो आलू आणि दोनशे माणसे, माणशी पाव किलो पडला. जवळच्या शेतातून पऱ्हाट्या आणल्या. काही आलू मोठ्या गंजात उकडले, काही पऱ्हाट्यांच्या निखाऱ्यांत खुपसले. मग ठरले की आलू सर्वांचे, पण फोडणी ज्याने त्याने आपल्या घरून आणावी. कोणाकडे वाटीभर तेल, कोणाकडे मूठभर दाणे, कोणाकडे नुसत्या चार मिरच्या.

त्या रात्री मांडवात जी भरते मांडली गेली, ती आम्ही क्रमाने सांगतो. आपल्या घरच्या सणाला यांतले कोणतेही करून पाहावे.

पहिले भरीत निखाऱ्यातल्या आलूचे. साल काढून जाडसर चेचलेले, त्यात भाजलेली हिरवी मिरची, भाजलेला लसूण, कांद्याची पात आणि वरून कच्चे जवसाचे तेल. जवसाच्या तेलाचा वास नव्या माणसाला उग्र वाटतो. आम्हा वऱ्हाड्यांना तो आजीच्या लुगड्याचा वास वाटतो.

दुसरे दह्याचे. निवलेल्या आलूत घट्ट दही, मीठ, चिमूटभर साखर, कोथिंबीर आणि वर तुपात जिरे, हिंग, मिरची यांची फोडणी. याच भरतात कोथिंबीर आणि हिंग न घालता दाण्याचे कूट घातले की ते उपासालाही चालते. एकादशीला सासूबाईंचे आणि सुनेचे जमण्याचा हा एक मार्ग आहे, असे त्या बाईंनीच आम्हांस सांगितले.

तिसरे चिंचेचे. पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. केळापूर, वणी या भागांत त्या बाजूच्या सोयरिकी पुष्कळ. तिकडून आलेल्या एका सुनेने आलूत चिंचेचा कोळ, लाल तिखट आणि मोहरी, कढीपत्ता, सुक्या मिरच्या यांची चरचरीत फोडणी घातली. ते भाताबरोबर खायचे. दोनशे माणसांत भात मूठ मूठच आला, पण त्या भरताने तो भरून निघाला.

चौथे अंबाडीचे. अंबाडीचा आंबट पाला शिजवून, चेचून आलूत मिसळलेला. ज्वारीच्या भाकरीवर हे घेतले की दुसरे कालवण लागत नाही.

पाचवे बिहारकडून आलेल्या मजुरांनी केले. ते त्याला चोखा म्हणतात. मोहरीचे कच्चे तेल, कच्चा कांदा, मिरची, भाजलेला टोमॅटो. फोडणी नाही, विस्तवाचे काम नाही. आमच्यातले काही जण तोवर त्या मजुरांशी जरा अंतर राखून होते. ‘हे स्वस्तात राबतात, म्हणून आमची मजुरी पडते,’ असा राग होता. चोखा आणि भरीत शेजारी शेजारी आले तेव्हा लक्षात आले की, दोन्ही घरी एकच पदार्थ शिजतो, फक्त तेल बदलते. एकजुटीवर आम्ही पुष्कळ भाषणे केली आहेत. त्या वाडग्याइतके काम त्यांतल्या एकानेही केले नाही, हे कबूल केले पाहिजे.

सहावे तीळकुटाचे. भोगीला तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी असते, तिची आठवण म्हणून एकीने डब्यात जपलेले तीळ भाजून कुटले आणि आलूत घातले. पौषात हेच करायचे तर त्यात तुरीचे ताजे सोले वाफवून, अर्धवट ठेचून घालावेत. हिरवे, पांढरे असे ते सुंदर दिसते आणि थंडीत अंगी लागते.

सातवे लहान मुलांचे. दूध, थोडे तूप, मीठ, बस्स. हे एकच भरीत अगदी गुळगुळीत केलेले होते, आणि मांडवातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्यावर मुलांइतकाच हक्क सांगितला.

जगातही हेच चालते, हे पुढे वाचनातून कळले. हॉलंडमध्ये लायडन नावाचे शहर आहे. १५७४ साली स्पेनच्या सैन्याने त्याला वेढा घातला होता आणि लोक उपासमारीने मरत होते. ३ ऑक्टोबरला वेढा उठला. दंतकथा अशी की, शत्रूच्या सोडलेल्या छावणीत एका पोराला गाजर-कांद्याच्या शिजवणाने भरलेले भांडे सापडले. आजही त्या दिवशी लायडनचे लोक गाजर, कांदा आणि आलू एकत्र चेचून खातात. आलू त्यात मागाहून आला, पण सण स्वातंत्र्याचा आणि पदार्थ चेचलेल्या भाजीचा, ही जोडी साडेचारशे वर्षे टिकली. आमच्या घरी आता दिवाळीला हेही होते; गाजर किसून, कांदा तुपात परतून, वर मिऱ्याची पूड.

आयर्लंडमध्ये कोबी किंवा तत्सम पाला घालून आलू चेचतात आणि मध्ये खळगा करून त्यात लोणी सोडतात. त्याला कोलकॅनन म्हणतात. आपल्याकडे मेथी लसणावर परतून घातली तर तेच साधते. पण आयर्लंडचे नाव घेतले की दुसरी गोष्टही सांगावी लागते. तेथला गरीब माणूस एकट्या आलूवर जगत होता. १८४५ पासून काही वर्षे त्या पिकावर रोग पडला आणि सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगराईने गेली. त्याच काळात त्या देशातून धान्य बाहेर पाठवले जात होते. एका पिकावर जगणाऱ्या मुलखाचे काय होते, हे कापसाच्या या जिल्ह्यात बसलेल्यांना आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही.

असो. आता त्या रात्रीकडे परत येतो, कारण आमच्या व्याख्यानाचे खरे कारण तेथे आहे.

जेवणे आटोपली. आम्ही उभे राहून भाषण केले. तेव्हा आमचे वय कोवळे नव्हते, पण जीभ कोवळी होती. आम्ही म्हणालो की, आज कामगाराने आपला सण आपल्या हाताने साजरा केला, आज खऱ्या अर्थाने प्रत्येकाला सुट्टी होती. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून, गंज घासत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. “भाऊ, सारं बराबर बोलले तुमी. पन सुट्टी कोनाले होती? आमाले त नोती. आमचे हात पहाटपासून चुलीतच हायेत.”

मांडव हसला. आम्हीही हसलो. पण रात्री झोप आली नाही. पहाटे चारला पऱ्हाट्या आणायला कोण गेले होते? आलू कोणी धुतले, उकडले, सोलले, चेचले? सात प्रकारची भरते झाली ती कोणाच्या हातांनी? पंगतीत प्रथम कोण बसले? बायका शेवटी बसल्या तेव्हा जवसाचे आणि दह्याचे भरीत संपलेले होते. आम्ही तर दोनदा वाढून घेतले होते. बोनस पुढे महिन्याभराने मिळाला, पुरा नाही, पण मिळाला. त्या बाईच्या प्रश्नाचा निकाल मात्र अजून लागलेला नाही.

सुट्टी ही काही आकाशातून पडलेली वस्तू नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सहा वर्षे झगडल्यावर १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, ही गोष्टही लोखंडे यांनी मागणीच्या बाजूने मांडली असे सांगतात. म्हणजे ज्या खंडोबाला आपण भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतो, तोच आपल्या सुट्टीचाही साक्षीदार आहे. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास आणि एक सुट्टी असे बांधून दिले.

सणाचे ताटही असेच झगडून मिळालेले आहे. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसे मोजावे हे ठरवले. एका कमावत्यामागे तीन घटकांचा आहार धरायचा, त्यासाठी आहारतज्ज्ञ डॉ. आयक्रॉइड यांचे प्रमाण घ्यायचे. कापड, घरभाडे, सरपण हेही धरायचे. सण मात्र धरलेला नव्हता. १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण, लग्नकार्य आणि सणसमारंभांसकट थोडी करमणूक यांसाठी किमान वेतनात आणखी पंचवीस टक्के धरले पाहिजेत. म्हणजे गरिबाच्या घरचा सण ही उधळपट्टी नव्हे, तो त्याच्या वेतनाचा भाग आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. आम्ही तो निकाल प्रथम वाचला तेव्हा आमच्या डोळ्यांत पाणी आले होते, हे सांगायला आम्हांस संकोच वाटत नाही.

पण या सगळ्या हिशोबात त्या म्हाताऱ्या बाईचे काय? ते तीन घटक कसे मोजतात पाहा. पुरुष एक, स्त्री आठ दशांश, दोन मुले प्रत्येकी सहा दशांश. बेरीज बरोबर येते. पण स्त्री शेवटी जेवते तेव्हा तिच्या वाट्याला आठ दशांश तरी उरते का? आणि तिच्या राबण्याचा आकडा त्या हिशोबात कोठेच नाही. सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. ज्या बायकांनी पाहणीच्या दिवशी घरकाम केले, त्यांचे सरासरी २९९ मिनिटे गेली, म्हणजे जवळजवळ पाच तास. ज्या पुरुषांनी केले, त्यांची ९७ मिनिटे. आणि मुळात असे पुरुष चारांत एकच. सणाच्या दिवशी बाईचे ते पाच तास आठ किंवा दहा होतात, हे पाहणीशिवायही आपणा सर्वांस ठाऊक आहे. आम्ही मालकाला विचारतो, जादा कामाचा दुप्पट दर का देत नाही? घरात हा प्रश्न आम्हांस कोणी विचारला तर?

आइसलँड नावाच्या लहानशा देशात २४ ऑक्टोबर १९७५ रोजी बायकांनी एक दिवस काम बंद ठेवले. कार्यालयातले आणि घरातलेही. देशातील सुमारे नव्वद टक्के स्त्रिया त्यात होत्या, आणि त्या दिवसाला त्यांनी संप असे नाव न देता ‘सुट्टी’ असे दिले. एका दिवसात साऱ्या देशाला कळले की रोजचा गाडा कोणाच्या खांद्यावर आहे.

आम्ही आपल्या भगिनींना संपाची चिथावणी देत नाही. चिटणीसांना उद्या आपापल्या घरी जेवायचे आहे. पण चळवळीतला माणूस मागणीपत्रक दिल्यावाचून उठत नाही, म्हणून सणाच्या दिवसासाठी चार कलमे ठेवतो.

पहिले कलम : सणाला एक तरी भरीत करावे आणि ते चेचण्याचे काम घरातल्या पुरुषांनी करावे. याला फार विद्या लागत नाही, केवळ मनगट आणि सबुरी लागते. चुकले तरी बिघडत नाही. आमच्या डिंकापेक्षा वाईट काही होणार नाही.

दुसरे कलम : पाया एक, फोडण्या अनेक. मोठ्या घरात आलू एका भांड्यात उकडावेत आणि त्याचे वाडगे करून प्रत्येकाला एकेक द्यावा. दादाने दह्याचे करावे, जावईबापूंनी चोख्याचे, पोरांनी तीळकुटाचे. जावयाला पाटावर बसवून ठेवण्यापेक्षा हा मान मोठा आहे.

तिसरे कलम : जिने इतकी वर्षे शेवटी खाल्ले, तिचे पान पहिल्या पंगतीत मांडावे, आणि त्या पानावर कोणते भरीत वाढायचे हे तिला विचारावे.

चौथे कलम : गंज घासणे हाही सणाचा भाग समजावा. याचे स्पष्टीकरण देण्याची गरज नसावी.

‘घरोघरी मातीच्या चुली’ म्हणतात. आम्ही आमच्या चुलीचे सांगतो. त्या संपानंतरच्या चंपाषष्ठीला आम्ही मंडळींना म्हणालो, “आज भरीत आम्ही करतो, तुम्ही बसा.” त्या बसल्या, पण पाटाच्या अगदी कडेला, केव्हाही उठता यावे अशा. डिंक झाला तो याच दिवशी. त्यांनी तो निमूटपणे खाल्ला आणि म्हणाल्या, “पुढच्या वर्षी वाटीने करा.” पुढच्या वर्षी वाटीने केला. तिसऱ्या वर्षी त्या पाटावर नीट टेकून बसल्या. माणसाला आपला हक्क आहे असे वाटायला तीन वर्षे लागतात, हे आम्ही कामगारांत पुष्कळ पाहिले होते. घरात ते पाहायला आम्हांस उशीर झाला.

एक दिवस त्यांना विचारले की, आम्ही केलेल्या सगळ्या भरतांत कोणते चांगले झाले? आम्हांस वाटले जवसाचे म्हणतील, किंवा हॉलंडचे. त्या म्हणाल्या, “कोणतेही. गरम मिळते ना.”

वीस वर्षे ज्या बाईने सणाचे जेवण निवलेले खाल्ले, तिचे हे उत्तर आहे. मुंबईच्या गिरण्यांतून लोखंडे यांनी जी सुट्टी मिळवली, ती आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायला शंभराहून अधिक वर्षे लागली. आपल्या घरी ती पोहोचली आहे की नाही, हे आज रात्री घरी गेल्यावर ज्याने त्याने पाहावे. येत्या सणापर्यंत अवधी आहे, आलू महाग नाहीत आणि वाटी प्रत्येकाच्या घरी आहे.